सुट्टीत घरच्या कासवाची व्यवस्था

वार्षिक परीक्षा आटोपली की आपल्या बडोद्यातील मराठी घरांत प्रवासाची सिद्धता सुरू होते. कोणी पुण्यास मामाकडे जातात, कोणी कोकणात आजोळी जातात, तर कोणी एखाद्या लग्नकार्यास जाऊन तेथेच पंधरा दिवस रमतात. निघण्यापूर्वी घरातील वडील माणसे साऱ्या व्यवस्था लावून देतात. दूधवाल्यास निरोप जातो, वर्तमानपत्र बंद होते, तुळशीला पाणी घालण्यासाठी शेजारी किल्ली दिली जाते. ज्या घरांत काचेच्या टाकीत एखादे लहानसे कासव आलेले आहे, तेथे मात्र त्याची व्यवस्था बहुधा एका वाक्यात उरकली जाते : "रोज चार दाणे टाका, म्हणजे झाले." या छोट्या वाक्यात दोन चुका आहेत. वाढलेल्या कासवास रोज दाणे लागत नाहीत. आणि केवळ दाणे टाकल्याने त्याची काळजी घेतली गेली, असेही होत नाही. सुट्टीच्या दिवसांत कासवाची तजवीज कशी करावी आणि ती तशीच का करावी, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम हे कासव कोणते, ते पाहू. बाजारात जे हिरवट, रुपयाएवढे पिल्लू मिळते, ज्याच्या डोळ्यांमागे तांबडा पट्टा असतो, ते 'रेड इअर्ड स्लायडर' या जातीचे होय. त्याचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. तेथे ते पाण्यात पडलेल्या ओंडक्यावर ऊन खात बसते आणि चाहूल लागताच सर्रकन पाण्यात घसरते. त्यावरूनच त्यास 'स्लायडर' हे नाव मिळाले. आपल्याकडील तारा-कासव, तसेच नद्यातळ्यांतील देशी कासवांच्या बहुतेक जाती यांना १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे. ती घरात पाळणे हा गुन्हा आहे. असे कासव कोणाच्या घरी असेल, तर सुट्टीतील व्यवस्थेचा प्रश्न बाजूस ठेवून ते वनखात्याच्या स्वाधीन करावे, हेच उचित. पुढील सर्व विवेचन या तांबड्या पट्ट्याच्या परदेशी कासवास अनुलक्षून केले आहे.

कासव हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील जीव आहे. या वर्गास आपण 'शीतरक्ताचे प्राणी' म्हणतो. परंतु ते नाव काहीसे फसवे आहे. त्यांचे रक्त नेहमीच थंड असते असे नाही. आपल्या शरीरात अन्नाच्या ज्वलनापासून उष्णता निर्माण होते व तीमुळे थंडी असो वा ऊन, आपले तापमान जवळजवळ स्थिर राहते. कासवास, सरड्यास, मगरीस ही सोय नाही. त्यांना उष्णता बाहेरून मिळवावी लागते आणि ती अधिक झाली तर बाहेरच टाकावी लागते. याचे उदाहरण पाहण्यास बडोदेकरांना दूर जावयास नको. विश्वामित्री नदीत मगरी राहतात. हिवाळ्यातील सकाळी त्या काठावर येऊन निश्चल पडलेल्या दिसतात. पाहणाऱ्यास वाटते, केवढा हा आळस! वस्तुतः ते त्यांचे कामच चाललेले असते. रात्रभर गार झालेले शरीर त्या उन्हाने तापवीत असतात. अंग पुरेसे तापले की त्या जबडा उघडतात किंवा पाण्यात उतरतात. भर उन्हाळ्यात त्या काठात खोदलेल्या बिळांचा आश्रय घेतात. ऊन, पाणी, सावली आणि बीळ यांमधून त्या त्या वेळी योग्य ती जागा निवडणे, हेच त्यांचे शरीर नीट चालण्याचे साधन होय.

इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. सेलबोर्न या आपल्या खेड्यातील पशुपक्ष्यांची त्यांनी केलेली निरीक्षणे १७८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ससेक्स परगण्यात राहणाऱ्या त्यांच्या आत्याबाईंकडे 'टिमोथी' नावाचे जमिनीवर राहणारे एक कासव होते. १७८० मध्ये आत्याबाई वारल्या, तेव्हा व्हाइट यांनी ते कासव मातीने भरलेल्या पेटीत ठेवून, घोडागाडीने ऐंशी मैलांचा प्रवास करून आपल्या घरी आणले. त्यांच्या लक्षात आले की, हे कासव भर उन्हाळ्यातील ऊन टाळून कोबीच्या मोठ्या पानाखाली सावली शोधते. आणि शरद ऋतूत, ऊन दुबळे झाले की, बागेच्या भिंतीवरून परावर्तित होणारी ऊब मिळावी म्हणून मुद्दाम त्या भिंतीजवळ जाऊन बसते. एवढ्या लहानशा बागेत त्या प्राण्याने स्वतःसाठी उन्हाळा आणि हिवाळा यांची वेगवेगळी सोय शोधून काढली होती.

आता आपल्या घरातील टाकीकडे पाहा. चार बाजूंना काच. कासवास भिंत हवी तर भिंत नाही, बीळ हवे तर बीळ नाही. पाणी तापले तर त्यातून दूर जाण्यास वाव नाही, गारठले तर उन्हात जाण्यास वाट नाही. निसर्गात जी निवड ते स्वतः करी, ती टाकीत ठेवल्या दिवसापासून आपण आपल्याकडे घेतली. आपण घरी असतो तेव्हा कळत नकळत ही निवड आपण त्याच्यासाठी करीत असतो. टाकी उन्हातून सरकवितो, दिवा लावतो, पाणी बदलतो. आपण गावी गेलो की ती निवड करणारा कोणी उरत नाही. तेव्हा सुट्टीतील व्यवस्था याचा खरा अर्थ असा की, टाकीतच ऊन आणि सावली, पाणी आणि कोरडी जागा यांची सोय करून जाणे, आणि ती सोय बिघडलेली नाही ना, हे पाहणारा एक माणूस नेमून जाणे. अन्नाचा क्रमांक यानंतरचा.

प्रथम उष्णतेचा विचार करू. या कासवाच्या टाकीतील पाणी साधारणतः २४ ते २७ अंश सेल्सियस असावे, आणि ऊन खाण्याच्या कोरड्या जागेवर ३० ते ३५ अंशांपर्यंत ऊब असावी. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरचा पारा चाळिशी ओलांडतो. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या घरात, विशेषतः गच्चीखालच्या मजल्यावर, दुपारी किती उष्मा होतो याची कल्पना घरी राहणाऱ्यास सहसा नसते. कारण घरी माणूस असताना पंखे चालतात व खिडक्या उघड्या राहतात. कासवाच्या शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेले की त्याचे प्राण धोक्यात येतात. वीस लिटरांची टाकी गॅलरीतील उन्हात राहिली, तर तिला तापण्यास फार वेळ लागत नाही.

यावर अनुमानापेक्षा मापन बरे. भूगोलाच्या तासाला आपण कमाल-किमान तापमापक पाहिलेला असतो. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी एके दिवशी टाकीच्या खोलीतील दारे-खिडक्या सकाळपासून लावून ठेवाव्या आणि तापमापक तेथे ठेवून सायंकाळी नोंद पाहावी. कासव तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत न्यावे. कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आत राहत असेल, तर टाकी त्या खोलीत ठेवण्यास हरकत नाही. ते त्याहून वर जात असेल, तर टाकी तळमजल्यावरील उत्तरेकडच्या खोलीत हलवावी. तेही शक्य नसल्यास, जेथे दिवसभर माणसांचा वावर आहे अशा घरी ती पोहोचवावी. उन्हाळ्यात पाणी तापविण्याचा हीटर काढूनच ठेवावा. उकाड्याने पाण्याची वाफ होऊन पातळी खाली जाते, हीटर उघडा पडतो व काच तडकून विजेचा धोका उद्भवतो. ऊब देणारा दिवाही त्या दिवसांत बहुधा लागत नाही.

हिवाळ्यातील प्रश्न याच्या उलट आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगल्याच गारठतात. मूळ प्रदेशात ही कासवे कडाक्याच्या थंडीत तळ्याच्या तळाशी कित्येक आठवडे अन्नावाचून पडून राहतात. म्हणून कोणी म्हणेल, आपलेही कासव तसेच झोपेल. परंतु घरातील अर्धवट गारठ्यात ते नीट झोपतही नाही आणि नीट जागेही राहत नाही. त्याच्या जठरातील पाचक रसांचे कार्य उष्णतेवर अवलंबून असते. पाणी गार असताना पोटात गेलेले अन्न पचत नाही, तर तेथेच कुजू लागते. त्यातच श्वसनाचे विकार जडतात. म्हणून हिवाळ्यात आपोआप बंद-चालू होणारा हीटर टाकीत असावा, तो पाण्यात पुरता बुडालेला असावा, आणि वीज फार वेळ गेली तर त्या दिवशी अन्न देऊ नये.

ऊन खाण्याच्या जागेविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कासवाचे कवच म्हणजे हाडच होय. ते बळकट होण्यास चुना लागतो, आणि तो शरीरात मुरण्यास 'ड' जीवनसत्त्व लागते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे ते जीवनसत्त्व त्वचेत तयार होते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे उपयुक्त किरण जवळजवळ नसतातच. काच ते अडविते. यासाठीच वेगळ्या प्रकारची नळी टाकीवर लावतात. दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत या प्रकाशात थोडा खंड पडला तरी निरोगी कासवास मोठी इजा होत नाही. तथापि नळीस वेळेवर बंद-चालू करणारे घड्याळी बटण जोडून दिल्यास दिवसाचे दहा-बारा तास प्रकाश मिळतो आणि शेजाऱ्यांना त्याची चिंता राहत नाही.

यानंतर पाणी. कासव त्याच पाण्यात पोहते, खाते आणि मलविसर्जन करते. साधारण नियम असा सांगतात की, पाठीच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी असावे. पाच इंचांच्या कासवास दोनशे लिटर! एवढी टाकी आणि चांगली गाळणी असेल तर आठवड्यातून एकदा थोडे पाणी बदलून भागते. परंतु पुष्कळ घरांत कासव प्लॅस्टिकच्या टबात असते. त्यातील पाणी दोन दिवसांत नासते, त्यात अमोनिया वाढतो आणि कासवाचे डोळे सुजतात. असा टब तीन आठवडे मागे ठेवून जाणे म्हणजे शेजाऱ्यांच्या माथी दहा वेळा पाणी उपसण्याचे काम मारणे होय. ते कोणी आनंदाने करीत नाही, आणि आनंदाने न केलेले काम तिसऱ्या वेळेस टळते. सुट्टीसाठी तरी मोठी टाकी व गाळणी यांची सोय अगोदर करावी. पाण्याची खोली निदान कवचाच्या रुंदीहून अधिक असावी. उथळ पाण्यात उलटे झालेले कासव सुलटे होऊ न शकल्यास बुडून मरते. नळाचे पाणी एक दिवस बादलीत उघडे ठेवून मग घालावे. त्यातील क्लोरीन बऱ्याच अंशी निघून जातो आणि पाणी खोलीच्या तापमानास येते.

आता अन्न. सरपटणाऱ्या प्राण्यांस उष्णता निर्माण करण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षा त्यांचा अन्नाचा खर्च कितीतरी कमी, स्थूलमानाने एकदशांश असतो. पिल्लास रोज अन्न लागते. त्याला दोन दिवसांहून अधिक काळ निराधार ठेवू नये. परंतु वाढलेल्या, निरोगी कासवास दोन-तीन दिवसांतून एकदा अन्न पुरते आणि आठवडाभराचा उपवासही ते सहज सोसते. म्हणून आपल्या अनुपस्थितीत उपवासापेक्षा अतिभोजनाचे भय मोठे. कासव माणूस दिसताच मान वर करून काचेजवळ पोहत येते. पाहणाऱ्यास दया येते. तो मूठभर दाणे टाकतो. घरात लहान मुले असतील तर त्यात पोळीचा तुकडा, भात, शेव आणि गाठियाही पडतात. न खाल्लेले अन्न कुजते, गाळणी तुंबते, आणि दोन दिवसांत सारे पाणी नासून जाते. यावर आपल्या वैद्यांची रीत फार उपयोगी पडते. वैद्य बाटली न देता पुड्या बांधून देत. त्याचप्रमाणे दाण्यांचा डबा कुलुपात ठेवावा, आणि कासवाच्या डोक्याएवढ्या आकाराचा एकेक घास कागदाच्या पुडीत बांधून प्रत्येक पुडीवर तारीख घालावी. पुडी संपली की त्या दिवसाचे भोजन संपले.

हे काम कोणास सांगावे? प्राण्यांची आवड असलेला माणूस शोधावा, असे आपणास प्रथम वाटते. परंतु आवडीपेक्षा नियमितपणा अधिक महत्त्वाचा. देवाच्या फुलांसाठी पहाटे न चुकता बाहेर पडणारे शेजारचे आजोबा हे, कासव पाहून टाळ्या पिटणाऱ्या मुलापेक्षा अधिक चांगले पालक ठरतील. मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. कासवाच्या अंगावर व टाकीतील पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासव स्वतः निरोगी दिसत असूनही ते असतात. त्यांच्यामुळे माणसास जुलाब व ताप येतो, आणि पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व आजारी माणसे यांना तो आजार विशेष जड जातो. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद करण्यात आली. तेव्हा ज्या घरी तान्हे मूल आहे, अशा घरी टाकी पाठवू नये. आजोबांना हे काम सांगावयाचे असल्यास त्यांनी केवळ पाहावे व पुडी टाकावी. पाणी बदलण्याचे काम घरातील तरुण माणसाकडे द्यावे. टाकीचे पाणी स्वयंपाकघरातील मोरीत ओतू नये, आणि टाकीस हात लावल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम सर्वांनी पाळावा.

तोंडी सांगितलेल्या सूचना निघण्याच्या गडबडीत अर्ध्याच ऐकल्या जातात. म्हणून एक चिठ्ठी लिहून टाकीजवळ भिंतीला लावावी. शेजारी गुजराती असतील तर ती गुजरातीत लिहावी. आपल्या वर्गातील मित्र ते काम आनंदाने करून देईल. चिठ्ठीचा नमुना पुढीलप्रमाणे :

"ती. सौ. काकूंस सा. न. वि. वि.

आम्ही ८ मे रोजी निघून २९ मे रोजी परत येऊ. त्या अवधीत आमच्या कासवाकडे आपण पाहावे, ही विनंती.

१. कृपया रोज सायंकाळी एकदा टाकीपाशी यावे. कासव हालचाल करते आहे की नाही, एवढे पाहावे.

२. काचेवर तांबडी रेघ ओढली आहे. पाणी रेघेच्या खाली गेल्यास बादलीतील शिळे पाणी घालावे.

३. पाण्यातील तापमापक ३० अंशांच्या वर दिसल्यास खिडकी उघडून पंखा लावावा आणि आम्हांस फोन करावा. बर्फ घालू नये.

४. पुड्या सात आहेत : तारीख १०, १३, १६, १९, २२, २५ आणि २८. पुडी पाण्यातच टाकावी. कासवास पाण्याबाहेर नीट गिळता येत नाही. वीस मिनिटांनी उरलेले दाणे जाळीने काढावे. एखादी पुडी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन टाकू नयेत.

५. पांढरे बटण गाळणीचे आहे. ते बंद करू नये. पाण्यात हात घालण्यापूर्वी मात्र भिंतीवरील मुख्य बटण बंद करावे, आणि काम झाल्यावर आठवणीने पुन्हा चालू करावे.

६. दर रविवारी चिरंजीव बंडूने दोन बादल्या पाणी काढून तेवढेच शिळे पाणी घालावे.

७. टाकीवरील जाळी नेहमी लावलेली असावी. मांजर येते.

आमचा व पशुवैद्यांचा फोन क्रमांक खाली लिहिला आहे. वैद्यांचे शुल्क आम्ही आगाऊ ठेवले आहे. विचारण्यासाठी थांबू नये.

आपला आज्ञाधारक"

या चिठ्ठीतील शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. पुष्कळदा शेजाऱ्यांना बिघाड दिसतो, परंतु दुसऱ्याच्या प्राण्यावर खर्च करावा की नाही या संकोचात दोन दिवस जातात. संमती आधीच लिहून दिली की तो संकोच उरत नाही. पशुवैद्यांचे नाव घालण्यापूर्वी ते कासवावर उपचार करतात काय, हे विचारून घ्यावे; सर्वच पशुवैद्य ते करीत नाहीत.

कोणती लक्षणे दिसली असता घाबरावे आणि कोणती दिसली असता घाबरू नये, हेही शेजाऱ्यांस सांगणे अगत्याचे आहे. पाय मागे ताणून कासव दिव्याखाली निपचित पडले असेल, तर ते ऊन खात आहे. कवचावरील पातळ पापुद्रे पाण्यात तरंगताना दिसले, तर ती वाढीची खूण आहे. पहिले एक-दोन दिवस ते अन्नास शिवले नाही तरी चालेल. व्हाइट यांनी नोंदविले आहे की, तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळ करणाऱ्या त्या वृद्ध बाईंना टिमोथी ओळखत असे व त्या दिसताच त्यांच्या दिशेने चालू लागे. परक्याकडे मात्र ते लक्षही देत नसे. आपलेही कासव परका माणूस पाहून काही काळ दडून राहील. याउलट डोळे सुजून मिटलेले, नाकातून बुडबुडे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, पोहताना एका बाजूस कलणे, कवच दाबल्यास मऊ लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी वैद्यांना दाखवावे. कुत्रा विव्हळतो, मांजर ओरडते. कासव तक्रार करीत नाही. खुद्द टिमोथी नर नसून मादी होती, हे ती मेल्यानंतर कळून आले. जन्मभर निरीक्षण करणाऱ्या व्हाइट यांच्यासमोर ती तेरा वर्षे वावरली, तरी त्यांना ते उमगले नाही. आज तिचे कवच लंडन येथील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात आहे. अशा अबोल प्राण्याची प्रकृती त्याच्या आवाजावरून कळत नाही. ती पाहूनच कळते. म्हणून स्वयंचलित यंत्राने दाणे टाकण्याची सोय झाली, तरी रोज येऊन पाहणाऱ्या माणसाची जागा ते यंत्र घेऊ शकत नाही.

निघण्यापूर्वी या साऱ्याची एक तालीम व्हावी. आठवडाभर आधी काकूंना बोलावून, आपण काही न बोलता, केवळ चिठ्ठी वाचून सर्व कामे त्यांच्याकडून करवून घ्यावी. जेथे त्या अडतील तेथे चिठ्ठीत दोष आहे असे समजून ती दुरुस्त करावी. त्याच दिवशी कासवाचे वजन करून वहीत लिहावे. त्यासाठी स्वयंपाकघरातील काटा वापरू नये. परत आल्यावर पुन्हा वजन करावे. तीन आठवड्यांत वजनात विशेष फरक पडला नसेल, कासव चपळ असेल व डोळे स्वच्छ असतील, तर व्यवस्था चांगली झाली. आल्या आल्या उपवासाची भरपाई म्हणून त्यास अधिक खाऊ घालू नये. भरपाई करावयाचीच तर काकूंच्या घरी आंब्याची पेटी किंवा फणसपोळी पोहोचवून करावी. पुढच्या सुट्टीतही त्यांच्याच दारी जावयाचे आहे, हे विसरू नये!

कासव आपल्याबरोबर न्यावे काय, असेही काही जण विचारतात. मुक्काम मोठा असेल आणि तेथेही टाकीची सोय असेल तरच न्यावे. नेताना ते पाण्यात घालून नेऊ नये; हिंदकळणाऱ्या पाण्यात ते दमून जाते. हवेशीर पेटीत ओला पंचा अंथरून त्यावर ठेवावे, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ती पेटी क्षणभरही सोडू नये. तरीसुद्धा चार दिवसांच्या लग्नासाठी कासवाचा प्रवास घडविण्यात अर्थ नाही. व्हाइट यांच्या कासवास त्या ऐंशी मैलांच्या हादऱ्यांनी हिवाळी झोपेतून पुरते जागे केले होते, आणि नव्या बागेत सोडताच ते दोनदा बागेच्या टोकापर्यंत चालत गेले. प्रवासाचा परिणाम कासवावर होत नाही, असे समजण्याचे कारण नाही.

शेवटी एका अशा उपायाचा उल्लेख करणे भाग आहे, जो वरकरणी दयाळू वाटतो. सोय लागेना की कित्येक जण कासव देवळाच्या तळ्यात किंवा सुरसागरासारख्या जलाशयात सोडून देतात. 'बिचाऱ्यास मोकळीक मिळाली,' असे समाधान मानून ते गाडीत बसतात. कासवास ते पाणी परके असते, आणि त्या पाण्यातील जीवांना ते कासव परके असते. जी कासवे जगतात ती वाढून फूटभर लांबीची होतात, देशी कासवांच्या ऊन खाण्याच्या जागा बळकावतात, त्यांचे अन्न खातात व नवे रोग पसरवितात. जगातील सर्वांत उपद्रवी ठरलेल्या शंभर आगंतुक जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. आपल्या देशातही गुवाहाटी व त्रिशूर येथील पाण्यांत ही कासवे मोकळी आढळली आहेत. ती कोणाच्या ना कोणाच्या टाकीतूनच तेथे पोहोचली असली पाहिजेत. ज्यांना कासव ठेवणे खरोखरच अशक्य झाले असेल, त्यांनी ते दुसऱ्या जाणत्या पालकास द्यावे, अथवा प्राणिसंग्रहालय किंवा वनखाते यांच्याकडे विचारणा करावी. पाण्यात सोडू नये.

हे कासव नीट सांभाळले तर तीस वर्षांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक जगते. इयत्ता आठवीत असताना आणलेले पिल्लू आपण नोकरीस लागल्यावर, संसारात पडल्यावरही टाकीतून मान वर करून आपल्याकडे पाहत असेल. वर्षास दिवाळीची एक आणि उन्हाळ्याची एक, अशा तीस वर्षांत साठ सुट्ट्या येतात. दुकानात रुपयाएवढ्या पिल्लाची किंमत विचारण्यापूर्वी, या साठ सुट्ट्यांत त्याच्याकडे कोण पाहील, हे प्रत्येकाने घरी बसून विचारून घ्यावे. उत्तर सापडले नाही तर पिल्लू आणू नये. आणि ज्यांच्या घरी ते आधीच आले आहे, त्यांनी येत्या सुट्टीपूर्वी तापमापक, सात पुड्या आणि एक स्वच्छ अक्षरातील चिठ्ठी एवढी सिद्धता अवश्य करावी.